पेट्रोलच्या पाइपची तुटलेली क्लिप

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्रापूरहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला ओळखतात. आज हिशोबाच्या वहीबद्दल बोलणार नाही. म्हणजे शेवटी थोडं येईलच, कारण ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिला पैसे लागतात. आजचा विषय आहे स्कूटीच्या सीटखालचा प्लास्टिकचा पेट्रोल पाइप आणि त्या पाइपच्या टोकाला असलेला अंगठ्याच्या पेराएवढा एक जोड.

काही जणी म्हणतील, हे गॅरेजवाल्याचं काम, आम्हाला कशाला सांगतेस? तर त्याचं कारण आपली पडवी.

आपल्याकडे वाड्यावस्त्यांवरच्या बायका आता सर्रास स्कूटी चालवतात. कुणी सणसवाडीला, रांजणगावला कंपनीत पहिल्या पाळीला जाते, कुणी डेअरीला दूध घालते, कुणी गटाच्या शेवया-पापड दुकानांत पोचवते. पुणे-नगर रस्त्यावर, चाकण चौकात, पाबळ चौकात गर्दीतून वाट काढत दिवसभर फिरलेली ही गाडी रात्री कुठे उभी राहते? बाहेर ठेवली तर चोरीची भीती, म्हणून पडवीत. त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला अंघोळीच्या पाण्याची चूल नाहीतर बंब. पहाटे पाचला तिथे जाळ होतो. गळणारी गाडी आणि पेटलेली चूल यांच्यात दहा पावलांचं अंतर असतं, कधी तेवढंही नसतं.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी नेमकं असंच होतं. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. त्यांच्या गाडीला आठवडाभर पेट्रोलचा वास येत होता. सासूबाई म्हणाल्या, पेट्रोलची गाडी आहे, तिला काय अत्तराचा वास येणार? दीर म्हणाले, वहिनी, टाकी काठोकाठ भरलीत म्हणून येतोय, दोन दिवसांत जाईल. तो काही गेला नाही. एके दिवशी सकाळी गाडी हलवली तर खाली तळहाताएवढा ओला डाग. ताईंनी त्या दिवशी चूल पेटवलीच नाही, सगळ्यांना गार पाण्याने अंघोळ करायला लावली आणि गाडी तशीच ढकलत अंगणात नेली. घरात कुरकुर झाली असणार. पण मला विचाराल तर त्या आठवड्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं.

मग गाडी रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेली. तिथल्या माणसाने सीट काढली, पक्कड लावून जोड पिरगळला आणि खेचला. पाइप निघाला, पण जोडाची क्लिप तुटली. तेव्हा तो म्हणाला, "एम-सील लावून देतो, वरून तार आवळतो. पन्नास रुपये द्या, काही होत नाही." ताई म्हणाल्या, नको, नवीन जोड टाका. त्यावर उत्तर काय मिळालं? "तुम्हाला नाही कळायचं. मालकांना फोन लावा."

आता त्या गाडीच्या आरसी बुकवर नाव ताईंचं. हप्ते त्यांनी भरलेले, तेही पापड लाटून. मालक त्याच. पण पन्नास रुपयांत काम होत असताना आपण नको का म्हणतोय, हे त्या माणसाला पटवून सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. मनातून वाटत होतं एवढंच. म्हणून आज हे सगळं सांगतेय. आपल्याकडे ते शब्द असायला हवेत.

आधी जुनी गोष्ट. तुमच्या वडिलांच्या किंवा दिराच्या जुन्या मोटारसायकलला टाकीखाली एक कॉक असायचा आणि त्यातून एक मऊ रबरी नळी कार्बोरेटरला जायची. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल आपल्या वजनानेच उतरायचं. त्या नळीला जोर नसायचाच. नळी फाटली तर टोक कापायचं, पुन्हा खोचायचं, तारेची क्लिप लावायची, झालं. आपले रस्त्यावरचे बरेच मेकॅनिक ह्याच गाड्यांवर हात बसवलेले आहेत आणि त्या गाड्यांसाठी त्यांचं बरोबरच होतं.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाला. धूर कमी व्हावा म्हणून बहुतेक स्कूट्यांमधून कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी इंजेक्टर आला. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा बारीक फवारा मारणारं नोझल. फवारणीच्या पंपाला आधी दाब द्यावा लागतो, तसाच इथेही लागतो. त्यासाठी टाकीच्या आत एक छोटा विजेवरचा पंप असतो. किल्ली फिरवल्यावर, बटण दाबायच्या आधी, दोनेक सेकंद 'गूंऽऽ' असा आवाज येतो ना, तो त्या पंपाचा. तो पाइपमध्ये साधारण तीन बार, म्हणजे गॅरेजच्या भाषेत तीन किलो प्रेशर तयार करतो.

तीन किलो म्हणजे किती? आपण ठिबकला साधारण एक किलो ठेवतो. ठिबकचा एखादा जॉइनर निसटला की पाणी कसं उडतं ते तुम्ही पाहिलंय. हे त्याच्या तिप्पट, आणि पाण्याच्या जागी पेट्रोल. दुसरं माप सांगते. स्कूटीच्या मागच्या चाकात आपण तीसच्या आसपास हवा भरतो. त्याच मापात मोजलं तर पेट्रोलच्या पाइपमधला दाब त्रेचाळीसच्या आसपास येतो. शिवाय गाडी बंद केली म्हणून तो लगेच उतरत नाही, आत तुंबून राहतो. रात्रभर थोडंथोडं गळत राहतं ते त्यामुळेच.

एवढा दाब सोसायचा म्हणून हा पाइप नायलॉनचा करतात. बादली-घमेल्याचं प्लास्टिक वेगळं, हे वेगळं. नायलॉन गंजत नाही, हलकं असतं, त्यातून पेट्रोलची वाफ रबरापेक्षा कमी झिरपते. कार, पिकअप, ट्रॅक्टर, सगळीकडे आता तेच वापरतात. त्याचा दोष एकच. रबरासारखं ते वाकून-दबून माफ करत नाही. चुकीच्या जागी पक्कड लागली की चीर जाते.

आता तो जोड. हा समजायला गॅसचा सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. रेग्युलेटर आपण वरून दाबतो आणि 'टक' असा आवाज आला की तो बसला. सिलिंडरच्या तोंडात आत एक काळी रबरी रिंग असते. ती गॅस अडवते. रेग्युलेटरची पकड त्याला निसटू देत नाही. म्हणजे अडवायचं काम रिंगचं आणि धरून ठेवायचं काम पकडीचं. पेट्रोल पाइपच्या जोडातही हेच दोन भाग आहेत. आत एक किंवा दोन रबरी रिंगा, त्यांना ओ-रिंग म्हणतात, आणि बाहेरून एक रंगीत प्लास्टिकची क्लिप, तिला दोन कान असतात. ताईंच्या गाडीची आधी रिंग गेली होती, म्हणून वास येत होता. गॅरेजात क्लिपही गेली. सिलिंडरवाल्याने रिंग खराब असताना 'एम-सील लावून देतो' म्हटलं असतं, तर आपण त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का?

चिकटवायच्या वस्तूंबद्दल सविस्तर सांगते, कारण घरोघरी पहिला उपाय तोच सुचतो. एम-सील, फेविक्विक, अराल्डाइट, काहीही घ्या. नायलॉन हा गुळगुळीत आणि तेलकट जातीचा पदार्थ आहे, त्याला यांतलं काही नीट धरत नाही. वरून पेट्रोलचा ओलावा. गाडी सुरू झाली की इंजिनाची थरथर आणि गरमी. लावल्यावर दगडासारखं घट्ट वाटतं, एक दिवस, दोन दिवस टिकतंही. मग खड्ड्यात चाक आदळतं आणि तो लगदा अख्खाच्या अख्खा सुटून येतो. तोही घरी उभी असताना सुटेल असं नाही. चालत्या गाडीवर, सीटखाली, तापलेल्या इंजिनावर तीन किलोच्या दाबाने पेट्रोल उडालं तर काय होईल ते मी वेगळं सांगत नाही.

दुसरा जुगाड म्हणजे तुटलेल्या जागी जुन्या मोटारसायकलची ती पारदर्शक नळी चढवायची आणि स्क्रूची क्लिप आवळायची. ती नळी या दाबासाठी नसते, फुगते आणि फाटते. क्लिप जास्त आवळली तर आतला नायलॉन पाइप चेपतो, कमी आवळली तर नळी घसरते. बाजारात इंजेक्शनच्या गाड्यांसाठी वेगळी जाड, आत धाग्याची वीण असलेली नळी मिळते, तिच्यावर तसं छापलेलं असतं. पण तीही गुळगुळीत नायलॉनवर नुसती चढवून चालत नाही.

आणि तिसरा प्रकार ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. नायलॉन पाइप कडक असतो, त्यात नवा जोड घालायला तो नरम करावा लागतो. त्यासाठी काही जण लायटर धरतात. पेट्रोलच्या पाइपला! पाइप रिकामा वाटला तरी आत वाफ असते आणि पेटते ती वाफच. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही तयार होते, हवेपेक्षा जड असते, म्हणून वर न जाता जमिनीलगत सरकत जाते. पडवीतली गाडी आणि कोपऱ्यातली चूल यांच्यामध्ये ती फरशीवरून अशीच पसरते, दिसत नाही. आपल्या गाडीजवळ कुणी लायटर काढला तर तोंडाने सांगत बसू नका, आधी गाडी त्याच्यासमोरून बाजूला घ्या.

मग नीट दुरुस्ती कशी असते? ताईंची गाडी शेवटी दुसऱ्या एका मेस्त्रींकडे ढकलत नेली, तेव्हा मी बरोबर होते. बाकावर बसून सगळं पाहिलं आणि विचारत राहिले. मेस्त्री वयाने मोठे, बोलायला तुसडे, पण हात फार शिस्तीचे. चहा मागवू का म्हटलं तर म्हणाले, आधी हे होऊ द्या.

शेजारी वेल्डिंग चालू होतं म्हणून त्यांनी गाडी मागे उघड्यावर घेतली. तुटलेला जोड पंपाच्या तोंडावर नुसता टेकलेला होता, तो हलवायच्या आधी दाब उतरवायचा म्हणाले. एरवी जोड धड असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करतात. पाइपमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालतं आणि आपोआप बंद पडतं, म्हणजे दाब उतरला. इथे क्लिपच तुटलेली, त्यामुळे इंजिन सुरू करायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फ्यूज काढला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, जोडाभोवती सुती कापडाची घडी गुंडाळली आणि डोळ्यांना चश्मा लावून पाइप सावकाश मोकळा केला. कापड चांगलं भिजलं. ते कापड त्यांनी कोपऱ्यात न टाकता उन्हात दूर वाळत घातलं, हेही मी टिपून ठेवलं.

पाइपचं दुसरं टोक इंजेक्टरकडे होतं, तिथला जोड शाबूत होता. तो कसा काढतात ते मला मुद्दाम दाखवलं. आधी ब्रशने आणि हवा मारून आजूबाजूची धूळ काढली. आपल्या रस्त्यांची धूळ तुम्हाला माहीत आहे, त्या क्लिपच्या कानांत ती अक्षरशः सिमेंटसारखी बसते. मग जोड आधी थोडा आत, पुढच्या बाजूला ढकलला. त्याने क्लिप सैल होते. दोन्ही कान एकदम दाबले आणि सरळ मागे ओढला. पिरगळणं नाही, स्क्रूड्रायव्हर घालून उचकणं नाही. निघाला तो बोटांनीच. मेस्त्री म्हणाले, "निम्मे जोड जुने होऊन तुटत नाहीत, काढताना तुटतात."

मग ते पंपाकडे वळले. जोड ज्या नळीवर बसतो ती पंपाच्या डोक्यावरची बारीक नळी त्यांनी कापडाने पुसली आणि नखाने चाचपली. ओरखडा आहे का, चीर आहे का. ही नळी तुटली असती तर नुसता पाइप बदलून भागलं नसतं, पंपाचा अख्खा भाग बदलावा लागला असता. पाइपला काही शे रुपये लागतात, पंपाला हजारांत. पिरगळून काढण्याचा खरा धोका इथे आहे. पन्नास रुपयांचं काम करताना हजारांचं मोडतं.

नवा पाइप दोन्ही टोकांच्या जोडांसकट आला, कंपनीच्या पाकिटात. गाडीचा चासी नंबर सांगून मागवला होता, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पाइप बदलतो. काही गाड्यांची क्लिप आणि रिंग सुटी मिळते, मग तेवढीच बदलली तरी चालतं. ताईंच्या गाडीची सुटी मिळाली नाही. बसवताना आतल्या रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब लावला, कोरडी रिंग घुसवताना कातरली जाते म्हणून. सरळ दाबलं, 'टक' आवाज आला. मग पाइप धरून मागे ओढून पाहिला. बांगडी भरल्यावर कासार हात हलवून बघायला सांगतो तसं. आला नाही, म्हणजे बसला.

त्यानंतरचं मला सगळ्यात आवडलं. फ्यूज घातला, बॅटरी जोडली, पण गाडी सुरू केली नाही. किल्ली चालू, 'गूंऽऽ' ऐकायचं, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं चार वेळा. त्याने पाइपमध्ये दाब भरतो. मग वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा जोडाभोवती फिरवून पाहिला, ओला झाला नाही. मगच इंजिन सुरू केलं, दहा मिनिटं चालू ठेवलं, पुन्हा कागद फिरवला. ताईंना सांगितलं, आजची रात्र गाडी अंगणातच ठेवा, खाली पुठ्ठा टाका, सकाळी पुठ्ठा बघा.

पाइप मिळतच नसेल तर? पिकअप, जुनी कार अशा गाड्यांत हा प्रश्न येतो. स्पेअरच्या दुकानात नायलॉन पाइपसाठी काटेरी शेपटीचे जोड सुटे मिळतात. शेपटीवर माशाच्या काट्यांसारखे उलटे कंगोरे असतात, पाइप त्यावर चढला की मागे येत नाही. ठिबकचा जॉइनर बघा, तीच तऱ्हा. पण पाइप गाडीवरून पूर्ण काढायचा, रिकामा करून हवा मारायची, धारदार पात्याने टोक काटकोनात कापायचं, उकळीच्या पाण्यात टोक बुडवून नरम करायचं आणि शेवटच्या कंगोऱ्यापर्यंत दाबायचं. पाणी तापवायचं ते गाडीपासून लांब, घरात. जोडही पेट्रोलच्या दाबाचा आहे हे दुकानदाराला विचारून घ्यायचा. हवेच्या किंवा पाण्याच्या पाइपचा जोड दिसायला तसाच असतो, आतली रिंग वेगळी असते. हे काम शिकलेल्या हातानेच करावं असं माझं मत आहे. आपण ओळखू शकलो की तो नीट करतोय की नाही, एवढं पुरे.

ज्या गटांनी भाजीपाल्यासाठी डिझेल पिकअप घेतलीय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टाकीकडून फिल्टरकडे येणाऱ्या पाइपातून बऱ्याच गाड्यांत पंप डिझेल ओढून घेतो. तिथला जोड चिरला तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मग सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, चढाला गाडी दम तोडते. डाग दिसत नाही म्हणून ड्रायव्हर बॅटरीला दोष देत बसतो. फिल्टरजवळचे जोड बघायला सांगा. मात्र इंजिनाजवळच्या लोखंडी बारीक पाइपांना इंजिन चालू असताना कुणीही हात लावायचा नाही. नव्या डिझेल गाड्यांत तिथला दाब हजार बारच्या वर असतो, गळणारी बारीक धार कातडीच्या आत शिरते.

उंदरांचं सांगायचं राहिलं. पाइप आणि वायरी कुरतडायला त्यांना आवडतं. गाडीशेजारी धान्याची पोती, पेंडेची गोणी ठेवलीत तर उंदीर रात्री मुक्कामालाच येतात. पोती हलवा, आठवड्यातून एकदा सीट उघडून बघा.

इथेनॉलबद्दल पण बऱ्याच जणी विचारतात. आपला ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं आणि आता पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलेलं येतं. नव्या गाड्या त्याच हिशोबाने बनवलेल्या आहेत. जुन्या गाडीतले काही रबरी भाग त्याने लवकर खराब होऊ शकतात, त्यात या ओ-रिंगाही आल्या. गाडी जुनी असेल तर सर्व्हिसिंगला देताना 'पेट्रोलच्या जोडांच्या रिंगा बघा' एवढं वाक्य आठवणीने बोला. आणि कधीकधी दोष कंपनीच्या मालातच असतो, तेव्हा कंपन्या गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून देतात. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून हे तपासता येतं. घरात मोबाइल चालवणारी कॉलेजची पोर असते, तिला बसवा.

घरी वास आला तर काय करायचं ते पुन्हा एकदा सांगते, रेडिओ मध्येच लावलेल्यांसाठी. गाडी सुरू करायची नाही, ढकलत बाहेर उघड्यावर न्यायची. चूल, गॅस, उदबत्ती, बिडी, सगळं बंद. सांडलेल्यावर कोरडी माती किंवा वाळू टाकायची. पाणी ओतायचं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पाण्याबरोबर पसरत जातं, आग लागली तर तीही पसरते. 'गॅरेजपर्यंत हळू चालवत नेते' हेही नको. ढकलत नाहीतर टेम्पोत घालून.

गॅरेजात काय बोलायचं? "ही इंजेक्शनची गाडी आहे, तीन किलोचा दाब आहे, मला चिकटवून नको. आधी दाब उतरवा. जुना भाग माझ्या हातात द्या." जुना भाग मागून घ्यायची सवय लावा, बदललाय की नाही ते कळतं. आणि 'मालकांना फोन लावा' म्हटलं तर आरसी बुक दाखवा. आपल्याच शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलींनीही हातात वेल्डिंगची कांडी धरली, वीजजोडणी केली. आपल्यापासून तासाभराच्या आत हे इतकी वर्षं चाललंय, आणि पाबळ चौकापासून हाकेच्या अंतरावर अजून कुणी म्हणतंय की बायकांना कळत नाही.

आता वहीतली गोष्ट. ताईंनी या दुरुस्तीसाठी गटात अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत दोघी-तिघींनी हरकत घेतली. म्हणणं असं की कर्ज शेळीला द्यावं, शिलाई मशीनला द्यावं, गाडीची दुरुस्ती हा खर्च आहे, त्यातून उत्पन्न काय? हरकत चुकीच्या हेतूने नव्हती. गटाचा पैसा जपायलाच हवा, परतफेड नियमित व्हायलाच हवी, पंचसूत्रीत तेच आहे. पण त्या गाडीवरून गटाचे पापड सात दुकानांत जातात. गाडी आठ दिवस बंद होती तर आठ दिवस माल घरात पडून राहिला, गटाचाच. अध्यक्षताईंनी हे आकडे वहीत दाखवले तेव्हा चर्चा बदलली. पैसे न मिळते तर ताईंपुढे दुसरा रस्ता पन्नास रुपयांच्या एम-सीलचाच होता, हेही एका मावशींनी बोलून दाखवलं. त्यांच्याच घरी चुलीशेजारी मुलाची गाडी उभी असते. कर्ज मंजूर झालं, तीन हप्त्यांत फेडायचं ठरलं, पहिला हप्ता आलाय. गाडीची सुरक्षेची दुरुस्ती ही दवाखान्यासारखी तातडीची गरज धरावी, असा ठराव त्या गटाने लिहून घेतला. तुमच्या गटात काय करायचं ते तुम्ही ठरवा, बैठकीत विषय मात्र घ्या.

त्या मेस्त्रींना मी विचारलं होतं, एक दिवस येऊन बायकांना दाखवाल का? आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, दहापेक्षा जास्त गाड्या आणू नका आणि टाक्या भरून आणू नका. तर ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीनंतर, मंदिरामागच्या मोकळ्या जागेत, सकाळी उन्हाच्या आत जमायचं आहे. ज्यांच्या गाड्या २०२० नंतरच्या आहेत त्यांनी आधी नावं द्या. येताना आरसी बुक आणा, एक जुनं सुती कापड आणा. लहान मुलांना घरी ठेवून या.